ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ व ख्रिस्ती धर्मविचाराचे परधर्मांशीं संबंध

(१) प्रास्ताविक

जानेवारी २०२० मध्यें तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९३ वें अधिवेशन भरलें. संमेलननगरीस तेरच्या संत गोरा कुंभाराचें नांव दिलेलें होतें, आणि अध्यक्षपदीं वसईचे रोमन कॅथलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते. सप्टेंबर २०१९ मध्यें त्यांची निवड जाहीर होतांच कांहीं संघटनांनीं तीस विरोध दर्शविला. विरोधाचा रोख त्यांच्या ग्रंथांच्या गुणदोषांवर नसून त्यांच्या धर्मोपदेशकाच्या पदावर होता. संमेलन पार पडलें, फादर दिब्रिटो जुलै २०२४ मध्यें निवर्तले, वादही निवला. परंतु त्या वादानें जो प्रश्न पुढें आणिला तो वर्तमानपत्रांबरोबर शिळा होणारा नाहीं. ख्रिस्ती धर्मविचार मराठी भाषेंत कोणत्या वाटेनें आला, येथील धर्मांकडे त्यानें कोणत्या दृष्टीनें पाहिलें, आणि ती दृष्टि आज कोठें येऊन पोंचली आहे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचें उत्तर सामान्यतः धर्मशास्त्रज्ञांकडे सोंपविण्यांत येतें. आमचें म्हणणें असें कीं, त्याचा निदान अर्धा भाग तरी पोथ्यांच्या संग्राहकांकडे आहे. एका धर्मानें दुसऱ्या धर्माविषयीं काय ठरविलें हें पुष्कळदां मोठ्या सिद्धांतग्रंथापेक्षां एका शब्दाच्या निवडींत अधिक स्पष्ट दिसतें. आणि शब्दाची निवड पाहावयाची तर पाठभेद पाहावे लागतात. प्रस्तुत लेखांत हेंच एका सुप्रसिद्ध ग्रंथाच्या, म्हणजे थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाच्या, आधारानें दाखवावयाचें योजिलें आहे.

धाराशिव जिल्ह्याचा या विषयाशीं केवळ संमेलनापुरताच संबंध आहे असें कोणी समजूं नये. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे, व रोमी व्यापाराच्या खुणा तेथें सांपडल्या आहेत. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ पाठीमागें अर्धवर्तुळाकार असून कित्येक अभ्यासक तें मूळचें बौद्ध चैत्यगृह मानितात. त्याच गांवीं गोरोबाकाकांची समाधि आहे. एका धर्माच्या भिंतींत दुसऱ्या धर्मानें वस्ती करावी, आणि तिसऱ्या देशींच्या मालानें बाजार भरावा, हें या भूमीला नवें नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, असा संबंध कसा घडला याचा लेखी हिशेब आतां मागितला जात आहे.

(२) स्टीफन्स व त्याचें पुराण

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५४९ च्या सुमारास जन्मला व ऑक्टोबर १५७९ मध्यें गोव्यास उतरला. पुढील चाळीस वर्षें त्यानें बहुतांशी सासष्टी प्रांतांत घालविलीं, इ. स. १६१९ मध्यें तो वारला. आपल्या भावास १५८३ सालीं लिहिलेल्या पत्रांत त्यानें येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशीं जुळते असें नोंदविलें आहे. विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध विधानापूर्वीं दोनशें वर्षें केलेलें हें निरीक्षण भाषाशास्त्राच्या इतिहासांत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्याचें कोंकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें.

त्याचें मुख्य कार्य म्हणजे ख्रिस्तपुराण. याचे दोन भाग आहेत. 'पैलें पुराण' बायबलांतील जुन्या कराराच्या कथेवर असून त्यांत ३६ अवस्वर म्हणजे अध्याय आहेत. 'दुसरें पुराण' येशूच्या चरित्रावर असून त्यांत ५९ आहेत. एकंदर ओंव्या अकरा हजारांच्या घरांत जातात. ग्रंथ रोमी लिपींत प्रथम १६१६ सालीं, नंतर १६४९ व १६५४ सालीं छापला गेला. परंतु या तिन्ही मुद्रणांपैकीं एकही प्रत आज ज्ञात नाहीं. छापील ग्रंथ नष्ट व्हावा आणि हातानें उतरलेल्या प्रतींनीं तो जगवावा, हा उलटा क्रम आमच्या वाचकांस विशेष चिंतनीय वाटेल. गोवा व मंगळूर येथील ख्रिस्ती कुटुंबांनीं व मठांनीं जपलेल्या अशा प्रतींवरूनच जोसेफ सालदान्य यांनीं १९०७ सालीं मंगळुरास रोमी लिपींतील आवृत्ति काढली. तिचें देवनागरी रूप शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास प्रसिद्ध केलें.

ग्रंथारंभीं मराठी भाषेची स्तुति आहे, व ती आतां शालेय पुस्तकांतूनही सर्वांस परिचित झाली आहे. तिच्याइतकाच महत्त्वाचा, परंतु कमी उल्लेखिलेला, भाग म्हणजे ग्रंथाची प्रस्तावकथा. नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, पूर्वींचीं पुराणें तर तुम्हीं वर्ज्य केलींत, मग आमच्या लोकांनीं वाचावें तरी काय? त्या मागणीचें उत्तर म्हणून हें पुराण उभें राहिलें आहे. म्हणजे ग्रंथाच्या पहिल्या पानापासूनच दोन गोष्टी एकमेकींस जखडलेल्या आहेत. जुना ग्रंथ हिरावून घेतला गेला ही एक, आणि त्याच्याच घाटावर नवा ग्रंथ घडविला गेला ही दुसरी. यांपैकीं एकच सांगणारा इतिहास अपुरा होय.

(३) हिरावून घेतलेले ग्रंथ

पहिल्या गोष्टीविषयीं संकोच न करितां लिहिलें पाहिजे. सासष्टींतील देवळें १५६७ च्या सुमारास पाडण्यांत आलीं. गोव्यांतील धर्मन्यायसभा १५६० सालीं स्थापन झाली, ती मध्यंतरीचा अल्प खंड वगळतां १८१२ पर्यंत चालू होती. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें पांच जेझुइट मारले गेले व त्यानंतर गांवच्या प्रमुखांस ठार करण्यांत आलें. त्या प्रेतांच्या उत्तरक्रियेशीं स्वतः स्टीफन्सचा संबंध आला होता. पुढें १६८४ सालीं तर व्हाइसरॉयनें स्थानिक भाषाच तीन वर्षांत सोडून देण्याचें फर्मान काढलें. त्या फर्मानानें स्टीफन्सच्या ग्रंथाची भाषाही बाधित झाली.

ग्रंथांची कथा अशीच आहे. लुईस फ्रॉइश या जेझुइटाच्या १५५९ च्या पत्रावरून असें कळतें कीं, एका ब्राह्मणानें कित्येक वर्षें खपून जमविलेले ग्रंथ एका नवख्रिस्त्याच्या साह्यानें त्याच्या घरांतून आणविण्यांत आले, व खंडनाच्या उपयोगासाठीं त्यांचें भाषांतर करविण्यांत आलें. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांचीं जीं बाडें आहेत त्यांत रामायण-महाभारतांतील मराठी व कोंकणी कथा रोमी लिपींत उतरून घेतलेल्या आहेत. सोळाव्या शतकांतील कोंकणी गद्याचा जवळजवळ सारा पुरावा आज त्यांवरच अवलंबून आहे. खंडन करण्यासाठीं उतरलेली प्रत शेवटीं मूळ परंपरेची एकमेव साक्षीदार ठरावी, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. परंतु प्रत वांचली म्हणून ज्याचे ग्रंथ गेले त्या गृहस्थाचा ऋणानुबंध फिटत नाहीं. संग्राहकानें पोथीच्या प्राप्तीची हकीकत पोथीइतकीच जपली पाहिजे, असा बोध त्यांतून घ्यावा.

(४) दोन पाठ

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. विल्यम मार्सडेन या विद्वानाच्या संग्रहांत, ज्याची यादी १८२७ सालीं छापली गेली, देवनागरी लिपींतील दोन हस्तलिखितें होतीं. हा संग्रह प्रथम लंडनच्या किंग्ज कॉलेजास मिळाला व तेथून प्राच्यविद्या शिकविणाऱ्या लंडनच्या संस्थेकडे गेला. १९२३ सालीं जस्टिन ॲबट यांनीं त्या संस्थेच्या नियतकालिकांत असें प्रसिद्ध केलें कीं, हीं हस्तलिखितें म्हणजे ख्रिस्तपुराणच होय, आणि त्यांतील देवनागरी पाठ हाच स्टीफन्सचा मूळ पाठ असावा.

दोन पाठ ताडून पाहतां जो भेद ठळकपणें नजरेस येतो तो असा. रोमी पाठांत धर्मविधि, संस्कार, पदें यांविषयींची परिभाषा बऱ्याच ठिकाणीं पोर्तुगीज व लॅटिन आहे. मराठी ओंवीच्या ओघांत ते शब्द जसेच्या तसे बसविले आहेत. देवनागरी पाठांत त्यांच्या जागीं बहुधा संस्कृत वळणाचे शब्द येतात. देवाला 'परमेश्वर', स्वर्गाला 'वैकुंठ' असे शब्द मात्र रोमी पाठांतही मोकळेपणीं आहेत. म्हणजे ईश्वर व परलोक यांच्यासाठीं येथील शब्द चालला. परंतु संस्कारांसाठीं परदेशी शब्दच राखिला, अशी रोमी पाठाची विभागणी आहे. देवनागरी पाठांत ही सीमारेषा बरीच पुसली गेली आहे.

ॲबट यांचें अनुमान पुढील विद्वानांपैकीं अनेकांनीं मान्य केलें नाहीं. त्यांच्या मतें रोमी पाठ अधिक जुना, आणि देवनागरी पाठ हा मागाहून कोणा जाणत्यानें केलेला संस्कृतप्रचुर संस्कार होय. आम्हांसही हें दुसरें मत अधिक ग्राह्य वाटतें. ग्रंथ छापला गेला तो रोमी अक्षरांत. त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांची परवानगी मिळविणाऱ्या ग्रंथांत संस्कारांचीं नांवें बदललेलीं असणें संभवत नाहीं. आणि कठीण परकी शब्दाच्या जागीं सोपा परिचित शब्द येणें हें पाठपरंपरेच्या नेहमींच्या वाटेस धरून आहे. तथापि देवनागरी पाठ मागाहूनचा ठरला तरी त्याचें महत्त्व रतिभरही कमी होत नाहीं. उलट तो मागाहूनचा असेल तरच तो अधिक बोलका आहे. कारण मग त्यावरून असें सिद्ध होतें कीं, स्टीफन्सनें जेथें थांबणें पत्करलें तेथून कोणी एक अनामिक मराठी ख्रिस्ती लेखक पुढें गेला.

(५) शब्दाच्या निवडींत काय अडलेलें असतें

कोणी म्हणेल, शब्द बदलल्यानें धर्म थोडाच बदलतो? या शंकेचें उत्तर जगाच्या इतिहासांत आहे. फ्रान्सिस झेवियर जपानांत गेला तेव्हां त्यानें ईश्वरासाठीं तेथील बौद्धांचा 'दाइनिचि' हा शब्द घेतला. पुढें त्या शब्दाचा बौद्ध अर्थ त्याच्या ध्यानांत येतांच त्यानें तो टाकून लॅटिन 'देउस' स्वीकारला. चीनमध्यें मातेओ रिची यानें 'स्वर्गाचा स्वामी' अशा अर्थाचा चिनी शब्द योजिला, व पूर्वजांस मान देण्याच्या चिनी रीति नवख्रिस्त्यांस पाळूं दिल्या. त्यावरून शतकभर वाद चालून रोमनें १७१५ व १७४२ सालीं त्या रीति निषिद्ध ठरविल्या. तो निषेध १९३९ सालीं सैल झाला. मदुरेस इ. स. १६०६ मध्यें पोंचलेल्या रोबेर्तो दे नोबिली यानें जानवें, शेंडी व संन्याशाचा वेष यांस सामाजिक चिन्हें मानून मुभा दिली, व रोमनें १६२३ सालीं ती बहुतांशी मान्य केली.

या सर्व वादांच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे. परधर्माचा शब्द घेतला तर त्याबरोबर त्या धर्माचें सत्यही मान्य केल्यासारखें होतें काय? न घ्यावा तर आपलें म्हणणें परकें राहतें. घ्यावा तर तें कदाचित् दुसरेंच कांहीं होऊन बसतें. 'वैकुंठ' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें विठ्ठल उभा राहणारच. स्टीफन्सनें तो धोका पत्करला, आणि संस्कारांच्या नांवांपाशीं मात्र पत्करला नाहीं. मराठी ख्रिस्ती मंडळींत ही दुविधा आजतागायत आहे. प्रॉटेस्टंट बायबलांत 'बाप्तिस्मा' हा मूळचा ग्रीक शब्द रूढ आहे, तर कॅथलिक मंडळी 'स्नानसंस्कार' म्हणते. ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ जणूं दोन पंथांच्या परिभाषेंत अद्याप चालू आहेत; मात्र बाजू उलटल्या आहेत.

(६) खंडनाचें युग व त्यानंतर

एकोणिसाव्या शतकांत स्टीफन्सची वाट जवळजवळ मोडली. मुंबईस अमेरिकन मिशन १८१३ सालीं आलें, जॉन विल्सन १८२९ सालीं आला. या मंडळींचा आधार पुराणाच्या घाटावर नसून वादावर होता. विल्सनच्या विरुद्ध मोरभट दांडेकर यांनीं १८३१ सालीं हिंदुधर्माचें मंडन छापलें, व त्यास विल्सननें पुढील वर्षीं उत्तर दिलें. विष्णुबावा ब्रह्मचारी यांचे १८५७ सालचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाद तर प्रसिद्धच आहेत. जॉन म्यूर याच्या १८३९ च्या संस्कृत ग्रंथास प्रत्युत्तर देणारे नीलकंठशास्त्री गोरे हे १८४८ सालीं स्वतः ख्रिस्ती झाले, आणि पुढें त्यांनीं षड्दर्शनांचें खंडन लिहिलें. या युगाचा एक गुण मान्य केला पाहिजे. दोन्ही पक्षांनीं एकमेकांचे ग्रंथ वाचले, आणि उत्तराच्या निमित्तानें मराठी गद्य वादक्षम झालें. परंतु या वाचनाचा हेतु दोष काढण्याचा होता. परधर्म हा असत्य, अतएव त्याशीं संबंध म्हणजे त्याचा निरास, एवढाच त्यांतील धर्मविचार होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं वारा फिरला. नारायण वामन टिळक हे १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यांनीं अभंग व ओंवी या येथल्या छंदांत ख्रिस्तभक्ति आणिली. तुकोबांच्या वाणीनेंच आपणांस ख्रिस्ताकडे नेलें अशी त्यांची भावना होती. १९१७ सालीं त्यांनीं 'देवाचा दरबार' काढला, त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होतें. त्यांनीं अपुरें ठेवलेलें 'ख्रिस्तायन' पुढें लक्ष्मीबाईंनीं चालविलें. टिळक १९१९ सालीं वारले, त्याच वर्षीं निकोल मॅक्निकल यांनीं मराठी संतांच्या पदांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. तत्पूर्वीं १९१३ सालीं जे. एन. फार्कर यांनीं असा सिद्धांत मांडला होता कीं, ख्रिस्त हा हिंदुधर्माचा नाश करणारा नसून त्यांतील उत्तमाची पूर्तता करणारा आहे. यास पूर्तिवाद म्हणतात.

याच प्रवाहांत जस्टिन ॲबट यांस बसविलें पाहिजे. हे गृहस्थ (१८५३–१९३२) अमेरिकन मराठी मिशनचे. मिशनच्या कामांतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं 'महाराष्ट्राचे संतकवि' ही इंग्रजी भाषांतरमाला काढली. बहिणाबाई १९२९ सालीं, तुकाराम १९३० सालीं प्रसिद्ध झाले. पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्यानें केलेलें महिपतीच्या भक्तविजयाचें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ पासून बाहेर आलें. तेरच्या गोरोबाकाकांची कथा इंग्रजी वाचकांपुढें विस्तारानें गेली ती याच ग्रंथानें. म्हणजे ख्रिस्तपुराणाचा देवनागरी पाठ ज्यानें ओळखला त्यानेंच गोरोबांची कथा समुद्रापार नेली. हा योगायोग खचित नव्हे. ज्यास दुसऱ्याच्या संतकथेचें भाषांतर टीकेवांचून करावेंसें वाटतें, त्यासच ख्रिस्तकथा देवनागरींत शोधावीशी वाटावी, हें एकाच वृत्तीचें द्योतक आहे. ॲबट यांचें मूळ पाठाविषयींचें अनुमान चुकीचें असलें, तरी त्यामागची इच्छा चुकीची नव्हती.

(७) आजचा धर्मविचार

पूर्तिवादावर लौकरच दोन्ही बाजूंनीं आघात झाले. डच पंडित हेंड्रिक क्रेमर यांनीं १९३८ सालीं, मद्रासेजवळ तांबरम् येथें भरलेल्या जागतिक परिषदेच्या प्रसंगीं, असें प्रतिपादिलें कीं, ख्रिस्ताचें प्रकटीकरण हें इतर धर्मांची पूर्ति नसून सर्वच धर्मांवरील, ख्रिस्ती धर्मसंस्थेवरीलसुद्धां, न्याय आहे. उलट हिंदु विचारवंतांस पूर्तीच्या भाषेंत वरचढपणाचा वास आला. कारण आपलें अपुरेपण दुसऱ्यानें ठरवावें हें कोणास रुचेल?

कॅथलिक पक्षांत निर्णायक पालट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें केला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं 'नोस्त्रा एताते' हें निवेदन प्रसिद्ध झालें. त्यांत हिंदु, बौद्ध, इस्लाम व यहुदी या धर्मांचा नामनिर्देश असून, त्यांत जें सत्य व पवित्र आहे तें धर्मसंस्था नाकारीत नाहीं असा आशय आहे. त्याच वर्षीं ७ डिसेंबरास धर्मस्वातंत्र्याविषयींचें निवेदन निघालें. श्रद्धेच्या बाबतींत सक्ति करूं नये हें त्यांत स्पष्ट झालें. गोव्यांतील सोळाव्या शतकाच्या पार्श्वभूमीवर हें दुसरें निवेदन पहिल्याहूनही वजनदार वाटतें. संवाद सक्तीच्या छायेंत होऊंच शकत नाहीं.

तेव्हांपासून या विषयावरील मतांचे तीन वर्ग करण्याची पद्धति १९८३ सालीं ॲलन रेस यांनीं रूढ केली. ख्रिस्तावांचून तारण नाहीं व इतर मार्ग व्यर्थ, असें मानणारा पहिला वर्ग. इतर धर्मांतही ईश्वराची कृपा कार्य करिते, परंतु ती ख्रिस्ताचीच, असें मानणारा दुसरा. जर्मन धर्मपंडित कार्ल रानर यांचें नांव येथें प्रमुख आहे. सर्व महान् धर्म एकाच परमसत्याकडे जाणाऱ्या समान वाटा, असें मानणारा तिसरा. येथें इंग्रज तत्त्वज्ञ जॉन हिक यांचें नांव घेतात. भारतांत दीर्घकाळ शिकविलेले बेल्जियन जेझुइट जाक द्युपुइ यांनीं १९९७ सालीं दुसऱ्या व तिसऱ्या मतांच्या मध्यें वाट काढूं पाहिली, तों २००० सालीं रोमनें 'दोमिनुस येसुस' हें निवेदन काढून ख्रिस्ताच्या अनन्यतेचा पुनरुच्चार केला, व २००१ सालीं द्युपुइ यांच्या ग्रंथांतील संदिग्ध स्थळें दाखविणारी सूचना प्रसिद्ध केली. यावरून हा प्रश्न त्या धर्मांत अद्याप मिटलेला नाहीं, हें उघड आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीनें आणखी एक आक्षेप लक्षांत घेणें अवश्य आहे. अरविंद निर्मल यांनीं १९८० नंतरच्या दशकांत बंगळूर येथें दलित धर्मविचाराची मांडणी सुरू केली. भारतीय ख्रिस्ती धर्मपंडितांनीं संवाद केला तो वेदांताशीं व ब्राह्मणी परंपरेशीं. परंतु भारतीय ख्रिस्ती समाजांतील बहुसंख्य लोक ज्या वस्त्यांतून आले त्यांची वेदना त्या संवादांत कोठें आहे, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल आमच्या संग्रहांसही लागू पडतो. ख्रिस्तपुराणांतील प्रश्नकर्ता ब्राह्मण आहे; गोरे व टिळक हेही ब्राह्मण होते. ज्यांस पोथी हातीं धरूं दिली गेली नाहीं त्यांनीं काय विचारलें असतें, तें पोथ्यांत सांपडणार नाहीं. तें भजनांत, ओंव्यांत, वस्तीवरील वृद्धांच्या आठवणींत शोधावें लागेल. गोरोबांच्या पंगतीस चोखोबाही होते, हें विसरून चालणार नाहीं.

(८) संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून आमच्या वाचकांस चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली: रोमी अक्षरांतील जुनें बाड हातीं आल्यास तें पोर्तुगीज समजून बाजूस ठेवूं नये, दोन ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. कानास ओंवी ऐकूं येण्याचा संभव असतो. दुसरी: दप्तरांतून निघणारीं मिशनचीं लहान पुस्तकें व त्यांवरील हिंदु पंडितांचीं उत्तरें फुटकळ समजून रद्दींत घालूं नयेत, वादाच्या दोन्ही बाजू एकत्र असल्या तरच त्यांचें मोल आहे. तिसरी: पोथीची नक्कल करितांना परकी शब्द 'शुद्ध' करूं नये. मार्सडेन संग्रहांतील पाठानें शब्द बदलले, तें त्या लेखकाचें धर्मकार्य होतें. आपलें कार्य निराळें आहे. चौथी: पोथी कोणाकडून, कशी, कोणत्या मोबदल्यानें मिळाली याची नोंद पहिल्याच पानास जोडावी. ब्रागाच्या बाडांस असें एक पान असतें, तर आज आपण त्या नकला करणाऱ्यांस व मूळ ग्रंथांच्या धन्यांस नांवानें ओळखलें असतें.

(९) उपसंहार

गोरोबाकाकांविषयीं महिपतीनें सांगितलेली कथा सर्वांस ठाऊक आहे. संतमंडळी जमली असतां काकांनीं थापटणें घेऊन प्रत्येकाचें मस्तक मडक्याप्रमाणें पारखलें, आणि नामदेव रागावले म्हणून त्यांचें मडकें कच्चें ठरलें. कथेचें मर्म असें कीं, नामदेव तेथेंच थांबले नाहींत. ते गुरूच्या शोधांत निघाले. परधर्मांच्या संबंधांतही हीच कसोटी आहे. चारशें वर्षें ख्रिस्ती धर्मविचारानें या देशांतील मडकीं थापटून पाहिलीं: प्रथम फोडण्यासाठीं, मग दोष दाखविण्यासाठीं, मग आपल्या भट्टींत पुरीं भाजून देण्यासाठीं. १९६५ नंतर त्यानें आपलें मस्तक पुढें केलें आहे, निदान तसें करण्याची भाषा मान्य केली आहे. २०२० सालीं गोरोबांच्या नांवाच्या नगरींत एक ख्रिस्ती धर्मगुरु मराठीच्या आसनावर बसला, तेव्हां पारख दोघांचीही होती. विरोध करणाऱ्यांची तशीच, स्वागत करणाऱ्यांचीही.

ख्रिस्तपुराणाच्या दोन पाठांपैकीं मूळ कोणता, हा प्रश्न विद्वान् अधिक साधनें मिळतील तसे सोडवितील. परंतु दोन्ही पाठ जपले गेले म्हणूनच तो प्रश्न विचारतां येतो. एक पाठ मंगळूर-गोव्याच्या घराघरांतून आला, दुसरा लंडनच्या कपाटांतून. ज्यानें यांपैकीं एकास अशुद्ध ठरवून जाळलें असतें त्यानें दुसऱ्याचाही अर्थ नाहींसा केला असता. आपल्या जिल्ह्यांतील माळ्यावर, मठांत, चर्चच्या पेटींत वा दर्ग्याच्या कोनाड्यांत जें जुनें लिखित असेल तें, धर्म न विचारतां, याच न्यायानें जपावें, एवढें सांगून हा लेख पुरा करितों.